एल्बोच्या मागण्या

प्रवेशदालनात नव्या प्रशासकांच्या नावाचा पितळी फलक आहे. तो सरळ लावलेला आहे. इमारतीत सरळ असलेली ती एकमेव वस्तू.

*

नॉनस्टिक भांड्याला आवाज नसतो. इनॅमलचं वाजतं, पण टवके उडतात. सगळ्यात उत्तम म्हणजे आजीच्या वेळचं जाड अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं.

*

"आत या!"

*

उभा पाईप इमारतीच्या रहिवासी संघाचा. आडवा पाईप घरमालकाचा. वाकड्याबद्दल नियमावलीत काही नाही.

*

लिफ्टमधली सूचना : लिफ्ट चालू आहे. वापरू नये.

*

आता क्रमाने.

ब्वेनोस आयर्सच्या अल्माग्रो भागातल्या आमच्या नऊ मजली इमारतीत रोज संध्याकाळी आठला तळघरातली मोटर लागते आणि गच्चीवरची टाकी भरते. एप्रिलपासून मोटर लागली, की तिसऱ्या मजल्यावर पाईप ठोके देऊ लागला. ठण्, ठण्, ठण्. टाकी भरेपर्यंत. तिथे ३-ब मध्ये नेलिदाबाई आणि त्यांचे यजमान आमिल्कार राहत. नेलिदाबाईंनी जन्मभर लोकांचे कोट शिवले. आमिल्कारनी सगळा जन्म छापखान्यात यंत्रांशेजारी काढला, त्यामुळे कान गेले. पुढे अर्धांगवायूने उजवी बाजू गेली. आता ते पलंगावर असत. त्यांच्या पलंगामागची भिंत आणि पाईपच्या डक्टची भिंत एकच होती. कानाला काही कळत नसलं तरी ठोके पाठीला कळत. कोणीतरी दार ठोठावतंय असं समजून ते अतिशय अदबीने म्हणत, "आत या!"

पहिले काही दिवस नेलिदाबाईंना हसू आलं. मग भिंतीचं प्लास्टर फुगलं.

त्या रखवालदार फाउस्तोकडे गेल्या.

"फाउस्तो, बाबा, माझी भिंत फुगलीय रे. मागे पाईप आपटतोय."

"आपटत असेल. पण बाई, उभा आपटतोय की आडवा?"

"मला काय ठाऊक? मी त्याला झोपलेला पाहिलाय की उभा?"

"तसं नाही. उभा असला तर माझ्याकडे. आडवा असला तर तुम्ही आणि तुमचं नशीब."

फाउस्तोने जिन्यातलं डक्टचं दार उघडलं. तिसऱ्या मजल्यावर तुळई आड येते, म्हणून पाईप तिथे हातभर आडवा जाऊन पुन्हा वर चढतो. आवाज नेमका वळणावरून, एल्बोतून येत होता. फाउस्तोने आत डोकावलं आणि दुसऱ्याचं खासगी पत्र चुकून उघडल्यासारखं दार झटकन लावून घेतलं.

"एल्बो आहे," तो म्हणाला. "ना उभा, ना आडवा. साहेबांना विचारावं लागेल."

साहेब म्हणजे प्रशासक बेनावीदेस. त्यांनी नेलिदाबाईंना खुर्ची दिली, जी त्यांच्या कार्यपद्धतीत अर्धी दुरुस्ती समजली जाते.

"बाई, भावनेच्या भरात जाऊ नका. आपण आवाजाचे भाग पाडू. पाईप संघाचा. पण आपटतं ते पाणी, आणि पाणी आहे पुरवठा कंपनीचं. पाणी पाईपवर आपटलं की जो आवाज होतो, तो संयुक्त. तोच भिंतीतून तुमच्या खोलीत शिरला, की तुमचा."

"माझा असेल तर मी तो परत करते. तुमच्या कार्यालयात ठेवून घ्या."

"विनोद नको, बाई. सर्वसाधारण सभा घ्यावी लागेल."

*

सभा प्रवेशदालनात, पितळी फलकाखाली भरली. ज्याने त्याने आपापल्या घरून खुर्ची आणली. 'माते' या आमच्या कडू चहाचा तुंबा आणि नळी हातोहात फिरत होती. कोणीतरी बेकरीतून चंद्रकोरी पाव आणले होते, ते पहिला विषय सुरू होण्याआधी संपले. विषय एकच : एल्बोची मालकी.

पाचव्या मजल्यावरच्या सुलमानबाई मनोविश्लेषक आहेत. आमच्या शहरात नळ दुरुस्त करणारा मिळायला आठवडा लागतो, मनोविश्लेषक मात्र जिन्यातच भेटतो.

"पाईप आपटत नाहीये," सुलमानबाई म्हणाल्या. "पाईप काहीतरी म्हणतोय. आपण ऐकायला तयार आहोत का, एवढाच प्रश्न आहे."

"मी रोज ऐकते," नेलिदाबाई म्हणाल्या. "तो ठण् म्हणतो."

"तुम्हाला ठण्‌च ऐकू येतं, हे फार बोलकं आहे, नेलिदाबाई."

"आणि भिंत फुगलीय, ते?"

"तेही."

इतक्यात आठ वाजले. मोटर लागली आणि पाईप वाजू लागला. रस्त्याकडचं दार उघडं होतं.

आता जगात इतरत्र ठण् ठण् ऐकून लोक प्लंबरला बोलावत असतील. आमच्याकडे सरकारशी बोलायचं झालं, की माणूस बाल्कनीत येऊन पातेल्यावर पळी मारतो. ही आमची जुनी, सिद्ध पद्धत आहे. त्यामुळे आठच्या ठोक्याला कुठे धातू वाजला, की आमच्या हाताला आपोआप खाज सुटते. त्याच आठवड्यात विजेचे दर वाढले होते. समोरच्या इमारतीत एक खिडकी उघडली. एक बाई पातेलं घेऊन बाहेर आली. मग तिच्यावरची. मग त्यांच्यावरचे.

"शाब्बास रे!" तिथून कोणीतरी ओरडलं. "पण कशाविरुद्ध?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. पाईप आहे असं सांगणं बरं दिसलं नसतं. सातव्या मजल्यावरचे गांदोल्फो तडक फुटपाथवर गेले. आयुष्यातला एकही मोर्चा त्यांनी चुकवलेला नाही. ज्यांच्या विरोधात ते स्वतः होते, त्यांचेसुद्धा.

"सगळ्याविरुद्ध!" ते गरजले.

टाळ्या पडल्या. एल्बोच्या मालकीचा विषय तहकूब झाला.

*

जूनपर्यंत सगळी गल्ली वाजू लागली. आंदोलनाला विरोध करणारेही पातेलंच वाजवत, कारण दुसरं वाद्य कोणाला येत नव्हतं. टीव्हीवाले आले आणि 'जिथे भिंतीही बोलतात' अशा मथळ्याखाली आमचं प्रवेशदालन दाखवलं. बेनावीदेससाहेब तेव्हा योगायोगाने फलकाशेजारी उभे होते. वर्षानुवर्षं लिफ्टमध्ये एकमेकांकडे पाठ करून उभे राहणारे आम्ही आता एकमेकांना पातेल्याचं माप विचारू लागलो. गांदोल्फो आंदोलन समितीचे अध्यक्ष झाले. संध्याकाळी सगळे बाल्कनीत तयार राहत, पण पहिला ठोका कोणी मारत नसे. तो मान तिसऱ्या मजल्याचा.

आत ३-ब मध्ये आमिल्कार म्हणत, "आत या! नेलि, उघड गं, किती वेळ उभं करायचं माणसांना?"

जुलैमध्ये सरकारी अधिकारी आला. त्याने आपल्या खात्याचं नाव सांगितलं होतं, पण ते खातं पुढच्याच आठवड्यात दुसऱ्यात विलीन झालं, म्हणून इथे देत नाही.

"नेतृत्व कोणाकडे आहे?" त्याने विचारलं.

"उत्स्फूर्त आहे," गांदोल्फो म्हणाले.

"सुरुवात कुठून होते?"

"एल्बोपासून."

अधिकाऱ्याने एल्बोसमोर खुर्ची टाकली, आठ वाजता आवाज ऐकला आणि आदराने विचारलं, "मागण्या काय आहेत?"

मागण्यांसाठी वेगळी सभा झाली. वरच्या मजल्यांना भाडी वाढवून हवी होती, खालच्यांना कमी. दुकानदारांना कर नको होता, शिक्षकांना कर हवा होता, पण दुकानदारांवर. शेवटी 'आमचं ऐकून घ्यावं' ही एकच मागणी सर्वानुमते मंजूर झाली.

"ही मागणी सरकारला मान्य आहे," अधिकारी तत्काळ म्हणाला. "सरकार ऐकत राहील. फक्त आवाज थांबू देऊ नका."

आम्ही जिंकलो होतो. जिन्यात मिठ्या मारल्या गेल्या. नेलिदाबाई गर्दीतून वाट काढत पुढे आल्या.

"साहेब, तुमच्या डाव्या हाताला माझी भिंत आहे. जरा हात लावून बघा हो."

अधिकाऱ्याने भिंतीवर तळवा ठेवला. मग खिशातून रुमाल काढून तो पुसला.

"भावना तीव्र आहेत," तो म्हणाला, आणि तसं लिहून घेतलं.

*

नेलिदाबाईंचा भाचा ओरेस्तेस आवेयानेदा या उपनगरात नळजोडणीची कामं करतो. तो रविवारी पाना, पिशवी घेऊन आला. गांदोल्फो दारातच होते.

"काय रे, हत्यारं घेऊन कुठे?"

"मावशीकडे. पाईप सैल झालाय, क्लॅम्प मारून भिंतीला बांधून देतो."

"म्हणजे आवाज बंद करायला!"

"हो, तेच की."

"ऐकलंत? तोंडावर कबूल करतोय! कोणी पाठवलं तुला?"

"मावशीने."

"सगळे असंच सांगतात."

"अहो आजोबा, दहा मिनिटांचं काम आहे."

"दडपशाहीला तेवढाच वेळ लागतो, पोरा. आम्ही पाहिलीय."

ओरेस्तेसला फुटपाथपर्यंत पोचवण्यात आलं. संध्याकाळी तातडीच्या सभेत ठराव झाला : एल्बोची दुरुस्ती ही अभिव्यक्तीची गळचेपी समजण्यात येईल. डक्टला कुलूप लागलं, किल्ली समितीकडे.

"मग निदान मोटर बंद ठेवा," नेलिदाबाई म्हणाल्या.

"मोटर बंद म्हणजे पाणी बंद," बेनावीदेससाहेब म्हणाले. "आंदोलकांनी आंघोळ कशाने करायची? तुम्ही पलंग का हलवत नाही?"

"कुठे हलवू? एकीकडे दार, दुसरीकडे कपाट, तिसरीकडे मी."

"थोडी झळ सगळ्यांनाच बसते, बाई."

"तुम्हाला कुठे बसली, दाखवा."

यावर साहेबांनी पुढचा विषय घेतला.

तोवर एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली होती. पूर्ण इमारतीत एकच बाल्कनी रिकामी असे : ज्या मजल्यावरून चळवळ सुरू झाली, तिथलीच. ३-ब च्या दारावर कागद चिकटला, 'गप्प का?' सुलमानबाई समजूत घालायला गेल्या.

"नेलिदाबाई, व्यक्त व्हा. आत कोंडून ठेवू नका."

"आत काही नाही हो माझ्या. जे आहे ते भिंतीत आहे. मी त्यांच्या पलंगावर मेणकापड घालतेय, जरा ते टोक धरता का?"

सुलमानबाईंची पुढची वेळ ठरलेली होती.

*

ऑगस्टच्या, म्हणजे आमच्याकडच्या हिवाळ्यातल्या, कडाक्याच्या थंडीत, आठला मोटर लागली, तिसऱ्या मजल्याने पहिला ठोका दिला आणि आम्ही सगळे आपापल्या बाल्कनीत सरसावलो. दुसरा ठोका आला नाही. तो आतल्या आत फुटला.

आमिल्कार म्हणाले होते, "आत या." ते आलं. अर्धी भिंत पलंगावर आली आणि तिच्यामागून पाणी.

नेलिदाबाईंनी त्यांना ओढायचा प्रयत्न केला. ते अंगाने भक्कम आणि त्या शिवणकाम केलेल्या. त्यांनी जिन्यात हाका मारल्या. जिन्यात कोणी नव्हतं, सगळे बाल्कनीत होते. फोन केला, आमचे फोन घरात वाजत राहिले. मग त्यांनी ओट्यावरचं पातेलं आणि पळी उचलली, बाल्कनीत धावल्या आणि जिवाच्या आकांताने वाजवू लागल्या.

ते दृश्य आम्ही कोणी विसरणार नाही. एवढे महिने गप्प राहिलेली ती बाल्कनी! "आली! आली!" गांदोल्फो सातव्यावरून ओरडले. समोरच्या इमारतीने शिट्ट्या मारल्या. पाचव्यावर सुलमानबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. नेलिदाबाई काहीतरी ओरडत होत्या, पण आम्ही इतक्या प्रेमाने वाजवत होतो, की ऐकू येणं शक्य नव्हतं. त्या जितक्या जोरात वाजवत, तितक्या जोरात आम्ही साथ देत होतो. तसा ठेका आमच्या गल्लीत पुन्हा कधी लागला नाही.

मोटर टाकी भरली की आपोआप बंद होते. टाकी भरत नव्हती. थोड्या वेळाने ३-ब च्या बाल्कनीतून पाणी खाली कोसळू लागलं. तेव्हा खालचे लोक ओरडले, "फवारे सोडले! फवारे सोडले!" आणि पोलिसांच्या गाड्या शोधत कोपऱ्यापर्यंत धावले. गाड्या नव्हत्या. त्या नाहीत याची खात्री करून घेण्यात आणखी वेळ गेला.

आमिल्कारना आम्ही चौघांनी उचलून खाली नेलं. लिफ्ट चालू होती, पण सूचनेचा मान राखून जिन्याने नेलं. रुग्णालयात न्यूमोनिया झाला. ते परत आले नाहीत.

समितीने त्यांना चळवळीचा पहिला हुतात्मा जाहीर केलं. प्रवेशदालनात, साहेबांच्या फलकाशेजारी, त्यांच्या नावाचाही पितळी फलक लागला. नावात एक अक्षर कमी आहे, पण फलक भक्कम बसला आहे. त्यासाठी क्लॅम्प नवा विकत आणला. अनावरणाला नेलिदाबाईंना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्या म्हणाल्या, "मोटर बंद केलीत का?" आम्ही टाळ्या वाजवल्या.

नेलिदाबाई आता भाच्याकडे असतात. एल्बो गप्प आहे. आठ वाजले की आम्ही अजूनही बाल्कनीत येऊन वाजवतो. पाहुण्यांनी कारण विचारलं, तर फलक दाखवतो.

तुम्ही म्हणाल, एवढी माणसं आणि कोणाच्याच ध्यानात कसं आलं नाही? तुमच्या गल्लीतही एखाद्या संध्याकाळी सगळ्यांनी मिळून ताटं, पातेली वाजवली असतील. मदतीला बोलावणारं भांडं आणि हौसेने वाजणारं भांडं यांचा आवाज सारखाच असतो. तुमच्या शेजारची बाई त्यातलं कोणतं वाजवत होती, हे तुम्ही तिला विचारलं असेलच.

मार्च महिन्यात साहेबांचा पितळी फलक लावताना एक क्लॅम्प कमी पडला होता, तो तिसऱ्या मजल्यावरच्या एल्बोचा काढून वापरला.