म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय

"भाजीत मीठ जास्त झालंय का?" आईनं विचारलं.

बाबांनी घास ताटात ठेवला, आईच्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे तुला असं म्हणायचंय की, मीठ जास्त पडलं असावं अशी तुला शंका आहे."

"शंका नाही, प्रश्न आहे!"

"म्हणजे तो प्रश्न आहे."

आईनं मुलीकडे पाहिलं. "बघ गं. हे बोलत नाहीत म्हणून मी जन्मभर रडले. आता बोलतात म्हणून रडू का?"

बाबा दातांच्या कवळ्या बनवायचे. आयुष्यभर लोकांच्या तोंडात दात बसवले, स्वतःचं तोंड मात्र जेवणापुरतं उघडलं. काम थांबवल्यावर त्यांनी विद्यापीठाच्या संज्ञापन विभागात प्रवेश घेतला. संज्ञापन म्हणजे काय, हे विभागाच्या पाटीखाली उभ्या असलेल्यांनाही धड सांगता येत नसे. संवादाचं शास्त्र म्हणतात ते हेच. माहितीपत्रकाला मात्र कसलीच शंका नव्हती. वर्तमानपत्रं, जाहिरात, जनसंपर्क, नभोवाणी... पदवीधरापुढे सगळी दारं सताड उघडी.

मुलगी मुद्रितं तपासायची. दुसऱ्यांच्या वाक्यांतल्या चुकांवर तिचं पोट चालत असल्यामुळे गप्प बसणं तिला जड जाई.

"बाबा, या वयात यातल्या कुठल्या दारातून जाणार तुम्ही?"

"म्हणजे तुला असं म्हणायचंय की, मी घरी बसावं."

"मला काहीच म्हणायचं नाहीये."

"म्हणजे तुला..."

"बाबा!"

ते खुशीत हसले. तोंडी परीक्षा जवळ आली होती, विषय सक्रिय श्रवण. समोरच्याचं म्हणणं त्यालाच परत सांगायचं आणि मग गप्प राहून वाट पाहायची. पहिलं त्यांनी घोटून घोटून पक्कं केलं होतं. दुसरं जन्मतःच येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठलेच नाहीत.

भेटायला येणाऱ्यांना मुलगी एकच उत्तर देई, "झोपेत गेले. त्रास झाला नाही." वाक्य निर्दोष होतं. आई मात्र 'हो' आणि 'नको' यांच्या पलीकडे जाईना. रडेना, जेवेना, भिंतीकडे बघत बसून राही. "तिला बोलतं करा," आत्यानं फर्मान काढलं, "नाहीतर तीही हातची जाईल." कसं करायचं, ते तिनं सांगितलं नाही. फर्मानात तसं सांगत नाहीत.

अशात बाबांच्या वर्गातली तीन मुलं आली. सरांनी पाठवलं होतं. ही भेट प्रात्यक्षिकात धरली जाणार होती. विद्यार्थ्यांची एकही संधी विद्यापीठ वाया जाऊ देत नाही. एक चष्मेवाली, एक दाढीवाला आणि तिसरीचा विषय अशाब्दिक संवाद. ती नुसती मान डोलवायची.

"चहा घेणार ना?" आत्यानं विचारलं.

"म्हणजे आम्ही चहा घ्यावा, असं तुम्हाला वाटतंय," चष्मेवाली म्हणाली.

"अगं, घेणार की नाही?"

"म्हणजे तुम्हाला नक्की उत्तर हवंय."

तिसरीनं मान डोलावली. आत्याचा पारा चढला. "या कोर्सनंच माझ्या भावाचा जीव घेतला!"

दाढीवाला हळुवारपणे म्हणाला, "म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय की, आमचा अभ्यासक्रम जीवघेणा आहे."

"मी असं कुठं म्हटलं?"

"म्हणजे तुम्ही तसं म्हटलेलं नाही."

नेमके त्याच वेळी खालच्या मजल्यावरचे वकील दारात आले. त्यांच्या कानावर 'जीवघेणा' एवढंच पडलं होतं, पण वकिलाला एवढं पुष्कळ होतं. "विद्यापीठावर दावा लावायचाय?"

"म्हणजे दावा लावावा, असं तुमचं मत आहे," चष्मेवाली म्हणाली.

"माझं कसलं? तुमचं!"

"म्हणजे ते आमचं मत आहे."

तिसरीनं मान डोलावली. होकार मिळाल्यावर वकील कशाला थांबतात! फोन कानाला लावून ते जिन्यात गेले. जिना चढणाऱ्या मामांनी 'दावा' ऐकला आणि आत येऊन ते गरजले, "चार दिवस झाले नाहीत तोवर घरावर दावा? माझ्या बहिणीला बाहेर काढताय?"

"दादा, कोण काढतंय?" आत्या किंचाळली.

दाढीवाला दोघांच्या मध्ये उभा राहिला. "म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय की, काकूंना..."

"अहो, पुरे करा आता!"

आवाज आईचा होता. ती चक्क हसत होती.

सगळे तिच्याकडे वळले. त्या पोराला ती 'अरे' म्हणाली असती. या घरात 'अहो' एकच होते. आईच्याही ते ध्यानात आलं. हसू ओठांवर तसंच राहिलं आणि डोळे भरून वाहू लागले. मग ती हमसाहमशी रडली. आत्यानं तिला जवळ ओढलं. मामा आपण कशासाठी गरजत होतो ते आठवत उभे राहिले.

चष्मेवाली मुलीकडे वळली. "ताई, तुम्हाला काही म्हणायचंय?"

"झोपेत गेले," मुलगी म्हणाली. "त्रास झाला नाही."

"म्हणजे त्यांना त्रास झाला नाही."

एवढं बोलून ती पोरगी गप्प राहिली. मुलीनं त्या वाक्यात चूक शोधून पाहिली. सापडली नाही.

"मला होतोय," ती म्हणाली. "मला बाबा हवेत."