सेडान, वॅगन आणि त्रेचाळीस रकाने

घाईने घेतलेला निर्णय चुकू शकतो, हे सर्वमान्य आहे. न घेतलेला निर्णय मात्र आजवर कुणाचाही चुकलेला नाही. शारजातले उल्हासराव गद्रे या तत्त्वावर एकवीस वर्षं सुखाने जगत आले आहेत. औद्योगिक क्षेत्रातल्या एका कंपनीत ते खरेदी खातं सांभाळतात. तिथे तीन कोटेशनं आणि तौलनिक तक्ता यांच्याशिवाय स्टेपलरच्या पिनासुद्धा येत नाहीत. (एकदा पिना येईपर्यंत ज्या कागदांना त्या मारायच्या होत्या त्यांचीच मुदत संपली, पण पिना रास्त भावात मिळाल्या.)

अशा माणसाने गेल्या वर्षी एप्रिलात, कोणतीही पूर्वतयारी नसताना, वरणभात कालवता कालवता एक वचन देऊन टाकलं. मुलगी शुभ्रा बारावीत गेली होती. शाळा पार दुबईत, ऊद मेथाला. बस पहाटे पाच चाळीसला बिल्डिंगखाली येऊन हिला सगळ्यांत आधी उचलायची आणि मग अर्धी शारजा गोळा करत फिरायची. बारा वर्षं पोरीने खिडकीच्या काचेला डोकं टेकून झोप पुरी केली होती.

"हे शेवटचं वर्ष मी सोडणार तुला. रोज. तेवढ्याच गप्पा होतील," उल्हासराव म्हणाले.

"प्रॉमिस, बाबा?"

"म्हणजे काय! इन्शाल्ला." (जाणकारांना इथेच शंका यायला हवी होती.)

घरातली छोटी गाडी त्यांच्या पत्नी उर्मिलाताई अजमानला नोकरीसाठी नेत. तेव्हा दुसरी गाडी घेणं आलं. रोजच्या ट्रॅफिकला जुनी, लांबरुंद अमेरिकन गाडीच हवी, हे उल्हासरावांनी पहिल्याच आठवड्यात ठरवलं. तिचा एसी असा, की ऑगस्टात शाल लागावी. लियाकतभाईंच्या गॅरेजात अशा दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या, एक पांढरी सेडान आणि एक मरून स्टेशन वॅगन. दोन्ही अठरा हजार दिरहम. "म्हणजे सव्वाचार लाख!" उल्हासराव मोठ्याने म्हणाले. ज्या गावी गाडी कधीच जाणार नव्हती, तिथली किंमत कळल्यावर त्यांना बरं वाटलं.

मग तक्ता सुरू झाला. इंजिन, टायर, पेट्रोल हे रकाने कुणीही करील. उल्हासरावांच्या तक्त्यात त्रेचाळीस होते. त्यांत पाण्याच्या मोठ्या बाटल्या किती मावतात, गणपतीचं मखर आडवं जातं का आणि गाडीतून उतरताना माणूस मॅनेजर वाटतो का, हेही होतं. बिल्डिंगच्या पार्किंगात उतरून त्यांनी टेपने जागा मोजली. सेडान नऊ इंच बाहेर राहत होती, वॅगन अकरा. दोन इंचांचे दोन गुण सेडानला देण्यात आले. पुण्याहून सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर वॅगन पाहिली आणि "अगं बाई, ही तर शववाहिनी!" असं मत नोंदवलं. त्याचा एक गुण कापला.

सर्वांत वजनदार रकाना होता पुनर्विक्रीचा. गद्रे कुटुंब 'दोन वर्षांत परत जाणार' होतं. (हे सतरा वर्षांपूर्वी ठरलं. दिवाणखान्यातले पडदे त्यामुळेच अजून आधीच्या फ्लॅटच्या मापाचे आहेत.) तेव्हा गाडी आपल्याला आवडते का, हा प्रश्न गौण, पुढच्याला आवडेल का, हे महत्त्वाचं. हा पुढचा कोण, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण त्याच्या आवडीनिवडीचा असा विचार त्याच्या आईनेही केला नसेल.

"बाबा, जस्ट पिक वन ना," शुभ्रा जूनमध्ये म्हणाली.

"अगं, जुलैत लोक सुट्टीला जातात. भाव उतरतात."

जुलैत भाव उतरले. पण सप्टेंबरात नवी मॉडेलं येतात म्हणून जुन्यांचे आणखी उतरतात, असं कळलं. सप्टेंबरात त्यांनी दोन्ही गाड्या प्रत्यक्ष मार्गावर, प्रत्यक्ष वेळेला चालवून पाहिल्या. लियाकतभाईंनी विश्वासाने किल्ल्या दिल्या. सेडानच्या चाचणीत उल्हासराव थेट शाळेच्या दारापर्यंत जाऊन आले. वाटेत त्यांनी शाळेची बस मागे टाकली. खिडकीत शुभ्रा झोपली होती. (तिला सोबत घेतलं नव्हतं. एका माणसाचं वजन वाढलं असतं आणि पेट्रोलचा आकडा चुकला असता.)

"भाईसाब," अकराव्या फेरीला चहा पुढे करत लियाकतभाई म्हणाले, "अब तो गाडियाँ भी आपको सलाम करती हैं."

ऑक्टोबरात सेडान विकली गेली. तक्त्यातून मात्र तिला काढलं नाही, कारण एकाच गाडीची तुलना करता येत नाही. डिसेंबरात घ्यावी, तर जानेवारीत ती कागदोपत्री एक वर्षाने म्हातारी होणार. जानेवारीत वॅगनचं वार्षिक पासिंग होतं. ते होऊ द्यावं. फेब्रुवारीत परीक्षा तोंडावर आली. आता नव्या गाडीने पोरीचं लक्ष उडायला नको. मार्चमध्ये बस शेवटची आली. शुभ्राने ड्रायव्हरला मिठाई दिली.

जुलैत पुण्याच्या कॉलेजची प्रवेशयादी लागली. त्याच आठवड्यात तक्ताही लागला. वॅगन तीन गुणांनी विजयी झाली. निर्णायक ठरला सामानाचा रकाना, कारण शुभ्राच्या तीन मोठ्या बॅगा आणि कुकर छोट्या गाडीत मावत नव्हते.

अशा रीतीने गाडीची पहिली फेरी विमानतळाची झाली. उर्मिलाताई मागे बसल्या, मुद्दामच. उल्हासरावांनी रात्रभर गप्पांचे विषय काढून ठेवले होते, एकूण सोळा. वॅगन बिल्डिंगखालून निघाली आणि पहिल्या सिग्नलपाशी त्यांनी मान वळवली. शुभ्राने काचेला डोकं टेकलं होतं. बारा वर्षांची सवय. चाकं फिरली की तिला झोप लागते.

एसी उत्तम होता. उर्मिलाताईंनी मागून हात लांब करून तिच्या अंगावर ओढणी टाकली. उल्हासरावांना रडू आलं. ते सगळ्यात उजवीकडच्या, म्हणजे तिथल्या संथ लेनमध्ये गेले आणि इतकं सावकाश चालवू लागले, की मागच्या ट्रकने हॉर्न दिला.

"अहो, फ्लाइट चुकेल तिची," उर्मिलाताई हळूच म्हणाल्या.

तक्ता आजही उपलब्ध आहे. त्यात एकही चूक नाही. कुणाला हवा असल्यास उल्हासराव आनंदाने पाठवतात, आणि मागणी चांगली आहे. तुम्हालाही लागेलच. तोवर एवढंच करा: 'नीट चौकशी करून, सवडीने' म्हणून तुम्ही जे बाजूला ठेवलंय, ते ज्याच्यासाठी ठेवलंय तो सध्या कितवीत आहे, हे घरात कुणाला तरी विचारून घ्या.