मुकादमभाईंची पोच

मुकादमभाईंच्या गाडीत बसायचं म्हणजे अमेरिका आणि विलायत यांच्या मधोमध बसायचं. डॅशबोर्डवर मोबाइल अडकवलेला, त्यावर अमेरिकेच्या बातम्या. गाडीच्या रेडिओवर इंग्लंडच्या. दोन्ही एकाच वेळी आणि दोन्ही मोठ्यानं. दोह्यातल्या अल थुमामाहून ऑफिसला जायचा पाऊण तास मी सहा वर्षं असा काढतो आहे. एकदा धीर करून म्हटलं, भाई, एक काहीतरी बंद करा, म्हणजे दुसरं तरी धड ऐकू येईल. त्यांनी सिग्नलला गाडी थांबवली, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "देवरेसाहेब, भांडण एका बाजूनं ऐकायचं नसतं."

मुकादमभाई मूळचे खेडकडचे, खाडीकाठच्या गावातले. आमच्याच बिल्डिंगमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर राहतात आणि आमच्याच ऑफिसात डॉक्युमेंट कंट्रोलर आहेत. म्हणजे प्रोजेक्टचा प्रत्येक नकाशा, प्रत्येक पत्र त्यांच्या टेबलावरून जातं, आणि गेलेल्या प्रत्येक कागदाची पोच त्यांना लागते. सही, शिक्का, तारीख. यातलं एक जरी नसलं, तरी त्यांच्या लेखी तो कागद रस्त्यातच आहे. "पोच कुठाय?" हे त्यांचं पालुपद. अरबी क्लाएंटपासून नेपाळी ऑफिसबॉयपर्यंत सगळे त्यांना लांबून बघितलं की आधी खिशातलं पेन काढतात.

घरीही तीच तऱ्हा. ईदला बिर्याणीचा डबा खाली पाठवतात आणि पाचव्या मिनिटाला फोन येतो, मिळाला का, लिहून कळवा. सुनीतानं, म्हणजे माझ्या बायकोनं, होळीला पुरणपोळ्या पाठवल्या, तर उलट चिठ्ठी आली: 'पोळ्या सहा, तुपासह, मिळाल्या. पैकी एक तुटलेली.' सुनीता दोन दिवस त्या तुटलेल्या पोळीवरून धुमसत होती.

आता माझ्याबद्दलही सांगायला हवं. मला घाण सहन होत नाही. मी कीबोर्ड दिवसातून दोनदा पुसतो आणि दुसऱ्याच्या घरी गेलो तरी तिरकी फ्रेम सरळ करतो. मुकादमभाईंचं घर मला आवडायचं, कारण त्यांच्या पत्नी रशिदाभाभी ते आरशासारखं ठेवायच्या. फक्त हॉलच्या खिडकीखाली, कोपऱ्यात, वीतभर जागा कायम धुळीनं भरलेली असायची. सगळी फरशी लखलखीत आणि तिथे मात्र बोटभर थर. माझी नजर हटायची नाही. सुनीता घरी येऊन म्हणायची, एवढी टापटिपीची बाई आणि तेवढंच कसं दिसत नाही तिला. मी एकदा आडून विचारलं, तर भाभींनी हसून चहा पुढे केला.

जगाच्या राजकारणाचा मुकादमभाईंचा हिशेब सोपा होता. विलायत थोरला भाऊ, अमेरिका धाकटा. थोरल्याची शेती बुडाली, धाकट्यानं परदेशात जाऊन पैसा केला. मग थोरल्यावर संकट आलं तेव्हा धाकट्यानं धान्य दिलं, बोटी दिल्या, पण फुकट नाही. "आणि आता रोज बोलून दाखवतो," मुकादमभाई म्हणायचे. "आमच्याकडे फणसाच्या झाडावरून असंच चालतं. एक म्हणतो मी वाचवलं, दुसरा म्हणतो मी फेडलं. कोर्टात दोघंही खरे." मी हसायचो. ऑफिसात त्यांची नक्कलही करायचो.

त्या महिन्यात मात्र हसणं कमी झालं. आखातात युद्धाचं वारं सुटलं. अमेरिका समुद्रापलीकडच्या किनाऱ्यावर चढाई करायला निघाली होती, आणि विलायत आणि तिच्या आजूबाजूचे देश म्हणत होते, हे आमचं युद्ध नाही, आमचे लष्करी तळ मिळणार नाहीत. गाडीतले दोन्ही आवाज चढत गेले. विमानं दिवसाआड बंद व्हायला लागली. पुतणीच्या लग्नाला खेडला गेलेल्या रशिदाभाभी तिकडेच अडकल्या. सुनीतानं पासपोर्ट, दागिने आणि आमच्या मुलीची औषधं एका पिशवीत भरून पिशवी दाराशी ठेवली. मी ती रोज सरळ करून ठेवायचो, ती रोज वाकडी झालेली असायची.

आणि मुकादमभाईंचा एकुलता एक मुलगा इम्रान गॅसच्या जहाजावर थर्ड ऑफिसर होता. जहाजावर चढण्याआधी दोन दिवस तो घरी राहून गेला होता. उंच, बारीक आवाजाचा मुलगा. जिन्यात भेटला तेव्हा मला म्हणाला, "अंकल, अब्बांना सांगा ना, न्यूज कमी बघा." आता ते जहाज रास लफ्फानच्या गॅस बंदराबाहेर नांगर टाकून परवानगीची वाट बघत होतं. परवानगी मिळाली की होर्मुझच्या चिंचोळ्या वाटेनं बाहेर पडायचं, आणि तोफा नेमक्या त्याच वाटेवर रोखलेल्या. सगळ्या बिल्डिंगला हे माहीत होतं. मुकादमभाई त्यावर एक अक्षर बोलायचे नाहीत. मी विचारलं की म्हणायचे, "तो ड्युटीवर हाय." आणि रेडिओचा आवाज वाढवायचे.

गुरुवारी ऑफिसात इमर्जन्सी प्लॅनची मीटिंग होती. सायरन झाला तर कोणी कुठल्या मजल्यावर जमायचं, एवढाच विषय. डेव्ह आमचा प्रोजेक्ट मॅनेजर, टेक्ससचा. कॉलिन सेफ्टीचा प्रमुख, इंग्लंडचा. दोघं एरवी शुक्रवारी बरोबर मासे पकडायला जायचे. डेव्ह नकाशा बघता बघता पुटपुटला, की तुम्ही लोकांनी वेळेवर तळ दिले असते तर हे सगळं आठवड्यात खलास झालं असतं. कॉलिन म्हणाला, हे युद्ध आम्हाला विचारून ठरवलेलं नाही. मग डेव्हनं पेन्सिल खाली ठेवली. मागच्या महायुद्धात तुम्ही उपाशी होतात, तेव्हा आमचा गहू उधारीवर खाल्लात, तेव्हा नाही विचारलंत कुणाचं युद्ध ते, असं तो शांतपणे म्हणाला. शांतपणे म्हणाला हेच वाईट होतं. कॉलिनची मान लाल झाली. ते कर्ज आम्ही व्याजासकट फेडलं, शेवटच्या हप्त्यात माझाही टॅक्स होता, आता कुणाच्या बापाचं देणं लागत नाही, असं तो म्हणाला आणि उठून उभा राहिला. डेव्हही उठला. फिलिपिनो सेक्रेटरीचे हात कीबोर्डवर थांबले. दोघे एकमेकांच्या अंगावर जाणार असं मला खरंच वाटलं.

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, "सर, वन क्वेरी."

मुकादमभाई हजेरीचा कागद हातात घेऊन उभे होते. त्यांनी आपल्या इंग्रजीत विचारलं, की तो गहू जहाजांनी गेला ना? त्यातली काही जहाजं वाटेत बुडाली. त्या बुडालेल्या गव्हाचं बिल लावलं होतं का? डेव्हला माहीत नव्हतं. कॉलिनलाही माहीत नव्हतं. मुकादमभाई म्हणाले, माहीत असायला पाहिजे, कारण त्या गव्हाबरोबर माझा आजा होता. डेकवर खलाशी. पाठवल्याची नोंद आहे, पोचल्याची नाही. तुमच्या दोघांपैकी कुणाकडे त्याची पोच असेल तर मला कॉपी पाहिजे.

मुकादमभाईंनी हजेरीचा कागद डेव्हसमोर ठेवला, सहीच्या जागेवर बोट ठेवलं, मग कॉलिनसमोर ठेवला. दोघांनी मुकाट्यानं सह्या केल्या. कॉलिननं तारीख घातली नव्हती, ती मुकादमभाईंनी घालून घेतली.

परत येताना गाडीत दोन्ही बातम्या चालू होत्या. मला आज्याबद्दल विचारायचं होतं, पण त्यांनी रेडिओचा आवाज आणखी वाढवला. बिल्डिंगखाली गाडी लावताना ते एकदम म्हणाले, "जहाज आज सकाळी निघालं. बाहेर पडेपर्यंत इंटरनेट बंद ठेवलंय कंपनीनं."

शुक्रवारी दुपारी सुनीतानं मला वर पिटाळलं. एकटा माणूस, पोरगा तसा अडकलेला, जाऊन बसा जरा, म्हणाली. मुकादमभाई जुम्म्याच्या नमाजाहून आले होते. दार उघडलं आणि मी उंबऱ्यातच थबकलो. ते आरशासारखं घर वाळूनं माखलं होतं. आठवडाभर वाळू उडवणारा शमाल वारा होता, खिडक्या बंद असल्या तरी दोह्याची धूळ आत येतेच. फरशीवर पावलांचे ठसे उमटले होते. सोफ्यापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून सोफ्यापर्यंत, एकाच माणसाचे, शेकडो. मला गलबलून आलं आणि त्याच वेळी, खोटं कशाला सांगू, हात शिवशिवायला लागले.

ते चहा टाकायला आत गेले. दाराआड झाडू उभा होता. बायको नाही, या माणसाला काही सुचत नाही, एवढं तरी आपण करावं, असं मनात आलं आणि मी झाडायला लागलो. हॉलचा अर्धा भाग झाला. चांगला ढीग जमला. मला तर हुरूप आला होता.

"देवरेसाहेब."

मी वळलो. मुकादमभाई दोन्ही हातांत कप घेऊन उभे होते. चहा बशीत सांडत होता आणि त्यांना ते कळत नव्हतं. "झाडू खाली ठेवा," ते म्हणाले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

मी ठेवला. ते सोफ्यावर बसले. कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "तुमच्यात माणूस घराबाहेर पडला की लगेच केर काढतात?"

नाही काढत, मी म्हटलं. माझी आई पण थांबायची.

"किती वेळ?"

माणूस नजरेआड होईपर्यंत. फार तर अर्धा तास.

"आमच्या घरात पोच येईपर्यंत."

मग त्यांनी सांगितलं. आजा मुंबईहून विलायती जहाजावर चढला, तेव्हा त्यांचे वडील रांगत होते. गावातल्या सगळ्या खलाशांच्या बायका कागद येईपर्यंत घर झाडायच्या नाहीत. आजीनं पावणेदोन महिने झाडलं नाही. मग मुंबईहून कुणीतरी आला आणि म्हणाला, जहाज पोचलं, मी ऑफिसात ऐकलं. "ते जहाज दुसरंच होतं," मुकादमभाई म्हणाले. "आजीनं केर काढलान. घर सारवलंन. शेजारणींना साखर वाटलीन. आणि आजा अमेरिकेकडून गहू घेऊन विलायतेला चालला होता, तो समुद्राच्या मधेच गेला. आजी मरेपर्यंत म्हणायची, मीच झाडून टाकलं त्याला. मास्तरांकडून कंपनीला पत्रं लिहून घेतलीन. एकाची पोच आली नाही."

तुम्हाला हे खरं वाटतं का, असं मी विचारायला नको होतं, पण विचारलं.

"केर काढल्यानं जहाज बुडत नाही, मला कळतं. तीस वर्षं या धंद्यात हाय मी." त्यांनी झाडूकडे बोट केलं. "पण तिच्या हातात झाडू कुणी दिलान? पोच न बघता 'पोचलं' म्हणणाऱ्यानं. म्हणून मी कागद तपासतंय. जन्मभर तेच करतंय."

मला माझी लाज वाटली. या माणसाची मी कॅन्टीनमध्ये नक्कल करत होतो, पेन काढून, चष्मा कपाळावर चढवून. मी खाली बसलो आणि ढिगातली मूठभर धूळ उचलून जिथून झाडली होती तिथे पसरायला लागलो. मुकादमभाईंनी क्षणभर बघितलं. मग तेही गुडघ्यांवर बसले. आम्ही पन्नाशी उलटलेले दोन पुरुष भर दुपारी फरशीवर रांगत केर पसरत होतो. सोफ्याखाली जास्त होता, ते म्हणाले. मी सोफ्याखाली जास्त टाकला. चहा थंड झाला. कुणी तो प्यायला नाही आणि कुणी उठलंही नाही.

चार वाजायच्या सुमारास फोन वाजला. त्यांनी तो लगेच उचलला नाही, आधी हात पायजम्याला पुसले. मग वाचलं आणि फोन माझ्यापुढे धरला. इम्रानचा मेसेज होता, इंग्रजीत. बाहेर पडलो, सगळे ठीक, अब्बा काहीतरी खा.

मुकादमभाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि टाइप केलं, टाइम आणि पोझिशन? पलीकडून वेळ आली, अक्षांश-रेखांश आले. ते त्यांनी डायरीत उतरवले, खाली सही केली, तारीख घातली. मग डायरी माझ्यापुढे सरकवली आणि मी साक्षीदाराच्या जागी सही केली. त्यांचे डोळे भरून वाहत होते आणि ते पुसायची त्यांनी काही तसदी घेतली नाही.

"आता काढा," ते म्हणाले.

मी आयुष्यात इतकं मन लावून केर काढलेला नाही. सोफ्याखालून, टेबलाखालून, दारामागून, सगळं ओढत खिडकीपाशी आलो आणि कोपऱ्यातल्या त्या वीतभर धुळीला झाडू लावणार, तोच त्यांनी माझं मनगट धरलं.

"ते राहू दे. ते आज्याचं," मुकादमभाई म्हणाले. "त्याची पोच अजून यायचीय."

मी तेवढी जागा सोडून बाकीचा केर सुपलीत भरला.