गादीला नाक लावा

आमचे शेजारी सुभेदार आबा कुणी भेटलं की रामराम करायच्या आधी विचारायचे, "सर्दी न्हाई न्हवं?"

नाही म्हटलं की संपलं. मनगट धरून ते तुम्हाला घरात नेणार, नव्या कोऱ्या फोमच्या गादीसमोर उभं करणार आणि हुकूम सोडणार, "लावा नाक!" दूधवाला, गॅसवाला, विजेचं मीटर बघायला आलेली मुलगी, कुणाचीही सुटका नव्हती. मी हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेला, त्यामुळे माझं नाक त्यांच्या लेखी सरकारमान्य. मला दिवसातून तीनदा बोलावणं यायचं.

साताऱ्यातल्या आमच्या गल्लीत दर दोन घरांआड एक माजी सैनिक आहे, पण आबांसारखा नमुना एकच. फौज सोडून वीस वर्षं झाली तरी अजून भाजीला 'राशन' म्हणतात आणि आंघोळीला पाच मिनिटं उशीर झाला तर स्वतःलाच झापतात. नाकाचा अभिमान तर विचारूच नका. "चौकीवर बसून सांगायचो मास्तर, खाली लंगरात डाळ करपली का न्हाई ते!"

गादीचं प्रकरण असं. आबांच्या पत्नीचं, शेवंताकाकींचं, मिरजेला मणक्याचं ऑपरेशन झालं. लेक तिकडे त्यांच्याजवळ राहिली आणि आबा घर तयार करायला परत आले. डॉक्टरांनी बजावलं होतं, कापसाची गादी बंद, फोमची कडक गादी घ्या. आबांनी घेतली. वरचं प्लॅस्टिक फाडलं आणि टायरच्या दुकानात शिरावं तसा वास घरभर सुटला. काकींना असले वास मुळीच सोसत नाहीत. नव्या गाडीत बसल्या की उंब्रज यायच्या आत ओकारी.

"पाठीला टाकं हायत, मास्तर. वासानं उलटी झाली आन् टाक्याला हिसका बसला तर?" हे विचारताना आबांचा आवाज फौजी नव्हता. काकी यायला पंधरा दिवस होते.

मग मोहीम सुरू झाली. पहिले चार दिवस गादी गच्चीवर उन्हात. दर तासाला आबा शिट्टी फुंकायचे, "गादी, पीछे मूड!" म्हणायचे आणि गादी उलटायची. शिट्टी आबांची, कंबर माझी.

त्यानंतर मी माझं विज्ञान पाजळलं. खायचा सोडा भुरभुरा, चार तासांनी झटका. मला दोन मुठी अभिप्रेत होत्या. आबांनी पाच किलो आणला. "कमी पडायला नगं." झटकल्यावर आमचं वाळत घातलेलं धुणं, त्यांची स्कूटर आणि समोरच्यांची तुळस पांढरीफटक झाली. ढोकळा केला असता तर गल्लीला आठवडाभर पुरला असता. त्यानंतर गोवऱ्या पेटवून ऊद झाला, कडुनिंबाचा पाला झाला. वास हटेना.

या सगळ्यात एक गोष्ट मला खटकायची. आबा स्वतः गादीला नाक लावत नसत. "तुम्हीच बघा की," म्हटलं तर उत्तर तयार. "आपल्या गादीला आपलं नाक पक्षपाती. तिऱ्हाईत पायजे." एकदा त्यांनी मला चक्क नासक्या दुधाचा चहा दिला आणि स्वतःही भुरके मारत प्यायला. माणूस काळजीत आहे म्हणून मी शेजारधर्माला जागून कप रिकामा केला.

चार दिवस उरले तेव्हा आबांनी शेवटचा डाव टाकला. त्यांच्या मेहुण्याचं, म्हणजे काकींच्या माहेरचं, कराडजवळ गुऱ्हाळ आहे. "रसाच्या वाफंत दोन दिस ठिवतो. फोमचा बाप पळंल!"

"आबा, वास पळत नाही. त्याच्यावर दुसरा बसतो," मी म्हणालो.

"बसू दे की! गुळाच्या वासानं कोण ओकतंय?"

टेम्पोतून गादी गेली आणि टेम्पोतून परत आली. फोमचा वास खाली दबून होता, वर गूळच गूळ. सोबत दारापासून कॉटपर्यंत मुंग्यांची शिस्तबद्ध रांग. आबांनी कॉटच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या.

काकी आल्या. कमरेला पट्टा, एका बाजूला लेक, दुसऱ्या बाजूला आबा. दारातून कॉटपर्यंतच्या दहा पावलांना पाच मिनिटं लागली. त्या आडव्या झाल्या आणि आबा दोन्ही मुठी आवळून उभे राहिले.

"वास येतोय का गं?"

काकींनी लांब श्वास घेतला. मी माझा रोखून धरला.

"आवं," काकी म्हणाल्या, "आमच्या गुऱ्हाळाचा वास येतोय."

"आन् फोमचा?"

"हाय जरासा. पर पोटात ढवळत न्हाई."

आबा मटकन खुर्चीत बसले. मग म्हणाले, "कसा येतोय? सांग की."

"रसाची काहील चुलीवरनं उतरवल्यावर येतो न्हवं, तसा. गरम काकवीचा."

गादी दोन फुटांवर होती. मला दारातून वास येत होता, आणि हा नाकाचा सुभेदार बायकोला विचारत होता! माझ्या तोंडाकडे बघून आबा कसनुसं हसले.

"दोन वर्सांमागं ताप आला, मास्तर. तवापास्नं मला कसलाच वास येत न्हाई. फौजी माणसानं कुणाला सांगायचं? हिला तेवढं ठावं. सकाळी दूध हुंगणार ही, भाजी करपली तर हाक मारणार ही. पंधरा दिस माजं नाक मिरजेला हुतं बगा."

मला तो चहा आठवला. हा माणूस पंधरा दिवस साऱ्या गल्लीची नाकं उसनी घेत हिंडत होता आणि मी घरी बसून त्याच्या नकला करत होतो.

आबा काकींकडे वळले. "काकवीपातुर आलीवतीस. म्होरं सांग."

"मग चुलवाणात जळणाऱ्या उसाच्या चिपाडाचा धूर," काकी म्हणाल्या. "लय न्हाई, जरासाच. आन् साच्यात वतलेल्या गुळाचा..."

आबा डोळे मिटून ऐकत होते. मी हळूच त्यांच्या स्वयंपाकघरात गेलो आणि दुधाच्या पातेल्याला नाक लावलं.