जावईबापूंनी बसवलेला अल्टरनेटर

चिंधाच्या कानात आत्याचा आवाज अजून होता. लहानपणी, गावाकडे, पहाटे जात्याची घरघर सुरू झाली की ती म्हणायची,

जावई माझा गं पाव्हणा, पाट मांडते चंदनाचा
उणा शब्द कसा बोलू, धनी लेकीच्या नांदण्याचा

लेक गायत्री चलथाणला दिल्यापासून या दोन ओळींनी चिंधाचं तोंड बांधलं होतं. त्यातच जावयाने, म्हणजे भूपेंद्रने, चिंधाच्या टेम्पोचा बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर बदलला होता.

बदलला तो प्रेमानेच. भूपेंद्र पूर्वी गाड्यांच्या वायरिंगच्या दुकानात कामाला होता, एवढं चिंधाला ठाऊक होतं. जुना अल्टरनेटर जळाला तसा जावई म्हणाला, मी बसवतो ना मामा. नको कसं म्हणायचं? त्या संध्याकाळपासून टेम्पोत भूत शिरलं. डावा इंडिकेटर दिला की वायपर नाचायचे. ब्रेक दाबला की हेडलाइट मान टाकायचे. चार्जिंगचा लाल दिवा समईसारखा अखंड तेवायचा आणि बॅटरी मात्र उपाशी. रोज सकाळी चिंधा राहायचा त्या लिंबायतची अर्धी गल्ली टेम्पोला धक्का मारायला जमू लागली.

चिंधाने तक्रार केली नाही. जावईबापूंनी एकदा नजर टाकावी, असा नुसता निरोप धाडला. बायकोने, मालतीबाईंनी, खापरावर मांडे भाजले. भूपेंद्र जेवला, टेम्पोखाली शिरला, दोन वायरींची अदलाबदल केली, आणि वायपर थांबले. तेव्हापासून हॉर्न मनाला येईल तेव्हा वाजू लागला. पुन्हा निरोप, पुन्हा मांडे. दर वेळी चिंधा दातांवर दात दाबून म्हणे, "वा, काय हात आहे तुमचा!" आणि दर वेळी भूपेंद्र मान खाली घाली. केवढा विनय, असं चिंधाला वाटे.

दुसऱ्या मिस्त्रीकडे जावं, तर लिंबायतचे सगळे मिस्त्री चिंधासारखे खानदेशातून आलेले, एकमेकांच्या ओळखीचे. दुपारपर्यंत बातमी चलथाणला पोचली असती. मालतीबाईंनी बजावलंच होतं, "पोर चांगली नांदी राह्यनी. तोंड उघडू नका."

शेवटी, ज्याचं कापड चिंधा वाहायचा त्या लूमवाल्या शेठने निर्वाणीचं सांगितलं. आज कापडाचे ताके कडोदऱ्याच्या मिलचं गेट बंद व्हायच्या आत पोचले नाहीत, तर उद्यापासून दुसरा टेम्पो. चिंधाने देवाचं नाव घेऊन गाडी काढली, तोच समोर भूपेंद्र उभा. चालत्या गाडीत फॉल्ट लवकर सापडतो म्हणाला, आणि शेजारी चढून बसला.

कडोदऱ्यापर्यंत सगळं सुरळीत. मिलचं गेट दिसू लागलं. चिंधाने वळण घेतलं मात्र, हॉर्न वाजायला लागला तो थांबेचना. पुढचे सायकलवाले वळून वळून शिव्या देऊ लागले. भूपेंद्रने डॅशबोर्डाखाली हात घातला आणि एक वायर ओढली. हॉर्न थांबला. दचकून चिंधाचा पाय क्लचवरून सटकला, आणि इंजिनही थांबलं. चावी फिरवली. स्टार्टर नुसता टक् करून गप्प. तिकडे गेटचं एक दार वॉचमनने ओढून घेतलं.

चिंधाने दोन्ही हात जोडले. "जावईबापू, पाया पडस तुम्हना. आते ह्या गाडीले हात लावू नका."

बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. आता लेकीचं काय?

भूपेंद्र हातातल्या वायरीकडे बघत होता. "मामा, मला यातलं काही येत नाही. दुकानात मी नुसतं बॅटऱ्यांत पाणी भरायचो."

"मंग बोलनात का नही?"

"दुसऱ्या खेपेलाच सांगणार होतो. पण तुम्ही वा वा करत राहिलात." तो जरा घुटमळला. "गायत्री म्हणते, आमचे दादा आपल्या माणसावरच ओरडतात. लग्न झाल्यापासून मी आपला जावईबापूच. म्हटलं, एवढं बिघडल्यावर तरी एकदा ओरडतील."

चिंधाने गेटकडे पाहिलं, वायरीकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं. इतके दिवस मांड्यांबरोबर गिळलेलं सगळं एकदम वर आलं.

"गधड्या," तो असा गरजला, की वॉचमन दुसरं दार तसंच धरून बघत राहिला, "उतर खाले! धक्का मार!"

भूपेंद्रने टुणकन उडी मारली. टेम्पोला खांदा लावता लावता तो हसत म्हणाला, "मारतो ना, दादा."