वाघमाऱ्यांची रिकामी ओळ

भारत सामना जिंकला की आमच्या कॉलनीत रात्रीच फटाके वाजतात. वाघमारे दुसऱ्या दिवशी दुपारी जिंकतात.

शेवटचा चेंडू त्यांनीही आमच्याबरोबर टीव्हीवर पाहिलेला असतो. कप्तानानं चषक उचललेलाही पाहिलेला असतो. पण कोणी पेढा पुढे केला की म्हणतात, "ठेवा. उद्या खातो." सकाळी दोन पेपर येतात. दोन्हीतला धावफलक ते पेन्सिल घेऊन एकमेकांशी जुळवतात, मग स्पर्धेच्या साइटवर जाऊन पुन्हा बघतात, आणि जेवणाच्या सुमाराला कुंपणावरून हाक येते, "मास्तर, जिंकलं बरं का आपण." तोवर पेढ्यांना मुंग्या लागलेल्या असतात.

मास्तर म्हणजे मी. लातूर जिल्ह्यात गावोगाव पोस्टमास्तर होतो, निवृत्त झाल्यावर नांदेडला आलो. वाघमाऱ्यांचं आणि माझं कुंपण एकच.

या माणसावर सध्या एक ठपका आहे. इंटरनेटवर एक ज्ञानकोश आहे, जो कोणालाही लिहिता येतो. त्यात वाघमाऱ्यांनी लबाडी केली असा तो ठपका. लबाडी झाली हे खरं आहे, पण ती त्यांनी केलेली नाही. कोणी केली हे मला चांगलं माहीत आहे, आणि तेवढं सांगण्यासाठीच मी लिहायला बसलो. पण आधी माणूस कळायला हवा. नाहीतर त्याच्यावरच्या ठपक्याचं वजन कळायचं नाही.

सोपानराव वाघमारे सरकारी ऑडिटात होते. शिरूर अनंतपाळपासून किनवटपर्यंत ग्रामपंचायतींची दप्तरं तपासण्यात त्यांची नोकरी गेली. त्यांचं हत्यार एकच, "कोण म्हणतं?" सरपंच म्हणाला, विहीर खोदली, की विचारायचे, "कोण म्हणतं?" ग्रामसेवक मध्ये पडायचा, साहेब, विहीर इथंच होती, पावसात बुजली. "अन् पाऊस पडला असं कोण म्हणतं?"

निवृत्तीत दप्तर गेलं, प्रश्न राहिला. डॉक्टर म्हणाले, तुमची साखर वाढली आहे. वाघमाऱ्यांनी रिपोर्ट दोन्ही बाजूंनी पाहिला आणि म्हणाले, "साखर वाढलेली दिसून राहिली. पण ही बाटली माझीच होती असं कोण म्हणतं?" डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं पुन्हा रक्त घेतलं. साखर तेवढीच निघाली. तेव्हा कुठं त्यांनी चहातली साखर सोडली.

असा सगळ्यांवर शक घेणारा माणूस, पण कॉलनीचा शक त्यांच्यावर होता. सगळ्यांना वाटायचं, वाघमारे सट्टा चालवतात. खिडकीपाशी कॉम्प्युटर, हातात पेन्सिल, आणि कागदावर कुठल्यातरी स्लोव्हेनियाचे गोल. नांदेडात स्लोव्हेनियाचे गोल सट्टेवाल्याशिवाय कोणाला लागतात? मी स्वतः त्यांच्या खिडकीवरून जाताना चाल हळू करायचो. शेवटी न राहवून एकदा विचारलंच.

"साहेब, राग मानू नका. लोक म्हणतात तुम्ही सट्टा खेळता."

"कोणते लोक?"

"असंच. चार लोक."

"चारांची नावं सांगा."

"नावं कशी सांगू?"

"मग संदर्भ न्हाई. संदर्भ न्हाई ती गोष्ट काढून टाकायची," ते म्हणाले, आणि मला आत नेऊन खुर्ची दिली.

त्या दिवशी मला ज्ञानकोश कळला. जगभरची माणसं फुकट बसून तो लिहितात. कोणी नद्यांवर लिहितं, कोणी राजांवर. वाघमारे मराठीतल्या आंतरराष्ट्रीय खेळांच्या पानांवर पहारा देतात. त्यांना तिथं तसा अधिकारच दिलेला होता, खोटं दिसलं की एका फटक्यात पुसायचा. कोणी आपल्या देशाची पदकं वाढवून जातं. कोणी हरलेल्याला जिंकवतं. एका पानावर यजमान देश सगळ्यात वर आणि दुसऱ्या पानावर मधेच कुठंतरी, असा बेशिस्त कारभार दिसला की त्यांना जेवण जात नाही. कुस्तीत कांस्यपदकं दोघांना देतात, हे माहीत नसलेला कोणीतरी अधूनमधून येतो आणि एका इराणी पैलवानाचं पदक पुसून जातो. वाघमारे ते परत देतात. "त्या बिचाऱ्याला तिकडं ठाऊक बी न्हाई, त्याचं पदक नांदेडातून कोण राखून राहिलं."

लातूरकडच्या एका पुढाऱ्यानं त्या कोशात आपलं नाव 'आंतरराष्ट्रीय मल्ल' म्हणून टाकून घेतलं होतं. वाघमाऱ्यांनी ते उडवलं. चार दिवसांनी पुढाऱ्याचा माणूस पत्ता काढत घरी आला. पुरावा म्हणून सत्काराचा फोटो आणला होता. वाघमाऱ्यांनी भिंग लावून फोटो पाहिला. "ह्यात शाल दिसून राहिली. नारळ दिसून राहिला. कुस्ती कुठं हाय?"

पत्ता सापडला, कारण वाघमारे तिथं स्वतःच्या खऱ्या नावानं लिहितात. बाकी बहुतेकांनी टोपणनावं घेतली आहेत. वाघमाऱ्यांच्या मते टोपणनाव घेणारा माणूस पळून जायच्या तयारीनंच आलेला असतो. त्यातल्या 'गरुड' नावाच्या सदस्यावर त्यांचा विशेष डोळा. हा गरुडही खेळांच्याच पानांवर फिरतो आणि वाघमाऱ्यांच्या चुका काढतो. तो एक माणूस नसून तिघे असावेत असा त्यांना संशय आहे. "एक माणूस इतकं बरोबर लिहीत नसतो, मास्तर."

फोनवर हा कोश वाचायला त्यांनीच मला शिकवलं. माझ्याकडे नेट नव्हतं. त्यांनी आपल्या वायफायचा पासवर्ड दिला, तोही कागदावर नाही, कानात सांगून, आणि माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला. बायको गेल्यापासून दुपारी मला घरात करमत नाही. मी खुर्चीत बसून वाघमाऱ्यांची पानं वाचायचो.

असंच एक पान होतं परदेशात झालेल्या मुलींच्या ज्युनिअर हँडबॉल स्पर्धेचं. ते सगळं वाघमाऱ्यांनीच बांधलेलं. प्रत्येक देशाच्या सोळा खेळाडू. उझबेकिस्तानच्या राखीव मुलीसुद्धा तिथल्या कुठल्याशा छापील पुस्तिकेतून शोधून आणलेल्या. भारताच्या यादीत मात्र पंधरा नावं, आणि सोळावी ओळ कोरी.

मी चूक सापडल्याच्या आनंदात कुंपणाशी गेलो. "साहेब, इथं एक नाव राहिलंय."

"राहिलं न्हाई. ठेवलंय," ते म्हणाले, आणि आत निघून गेले.

ते नाव कोणाचं, हे मला वहिनींनी सांगितलं. वाघमारे बाजारात गेले होते आणि वहिनी ओट्यावर शेंगा फोडत होत्या.

"ती आमची संघमित्रा हाय, भाऊजी. किनवटला बदली होती तेव्हा तिथल्या आश्रमशाळेच्या मैदानावर शिकली. राखीव गोलकीपर होती. आता सिकंदराबादला रेल्वेत हाय."

"मग घरी येताना कधी दिसली नाही?"

"येत न्हाई. कॅम्पातून पोरीनं फोन केला होता. म्हणली, बाबा, भारताच्या टीममध्ये माझं नाव आलं. तर हे म्हणले, कोण म्हणतं?" वहिनींनी टरफलं बाजूला सारली. "सवयीनं म्हणले हो. पण पोरीनं फोन ठेवला तो ठेवलाच. आता मला करते. ह्यांची साखर विचारते, पण मला."

"मग ते स्वतः तिचं नाव का लिहीत नाहीत?"

"बापानं लिहायचं न्हाई म्हणतात. तिथला नियम हाय. कोणाला सांगून लिहवलं तर ती बी बेइमानी. दुसऱ्या कोणी आपणहून यावं, छापील पुरावा बघून लिहावं. अन् पेपरात ज्या पोरी खेळल्या त्यांचीच नावं आली. सर्टिफिकेट कपाटात हाय, भाऊजी. म्हणतात, घरच्या कपाटातलं चालत न्हाई."

मी घरी आलो. मी पोस्टातला माणूस. पाकिटाला तिकीट कमी असलं तरी पत्ता बरोबर असेल तर पत्र पोचलं पाहिजे, या मताचा. मी तिचा बाप नव्हतो. मला कोणी लिहायला सांगितलंही नव्हतं. म्हणजे दोन्ही अटी पाळल्या गेल्या. छापील पुराव्याचं मी सोयीनं विसरलो. जेवण झाल्यावर फोन काढला आणि सोळाव्या ओळीत 'संघमित्रा वाघमारे' असं लिहिलं. माझं तिथं खातं नव्हतं. त्याची गरज पडली नाही.

दिवेलागणीला पाहिलं तर ओळ पुन्हा कोरी. शेजारी कारण लिहिलेलं: 'संदर्भ नाही.' खाली सही सोपान वाघमारे.

इथवर झालं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता. पण खातं न उघडता कोणी काही लिहिलं तर त्या कोशात नावाच्या जागी त्याच्या इंटरनेट जोडणीचा नंबर उमटतो. ही गोष्ट मला माहीत नव्हती. मी ज्या वायफायवरून लिहिलं ते वाघमाऱ्यांचं. पूर्वी एकदा वाघमारे आपल्या खात्यात न शिरताच एक बदल करून गेले होते आणि तो आपलाच असं त्यांनी मागाहून लिहिलंही होतं; तिथं तोच नंबर होता. गरुडानं दुसऱ्या दिवशी दोन्ही नंबर शेजारी शेजारी मांडले. आडनाव तर सारखंच. त्यानं लिहिलं की सदस्य वाघमारे यांनी नात्यातील व्यक्तीचे नाव निनावीपणे घातले, आणि उघडकीस येईल या भीतीने स्वतःच काढले. बाकीच्यांनी खाली होकार दिले. वाघमाऱ्यांचा पुसायचा अधिकार गेला, खेळांच्या पानांवर लिहायलाही बंदी आली. आता ते फक्त विनंती करू शकतात.

त्याच आठवड्यात इराणी पैलवानाचं पदक पुन्हा कोणीतरी पुसलं. वाघमाऱ्यांनी विनंती लिहिली आणि उत्तराची वाट बघत खिडकीपाशी बसून राहिले. आयुष्यभर ज्यानं लोकांची दप्तरं तपासली, त्याच्या नावापुढं आता 'विश्वासार्ह नाही' असं लिहिलेलं होतं, आणि ते कोणालाही वाचता येत होतं.

कुंपणाशी उभे राहून ते मला संशयितांची नावं सांगायचे. केबलवाला आला होता. गॅसवाल्यानं फोन चार्ज करायला मागितला होता. एकदा तर स्वतःवरच गेले, म्हणाले, "साखरेच्या गोळ्यांनी विसरायला होतं म्हणतात. मीच केलं असंल का?"

"माझ्यावर नाही का शक?" मी हसत विचारलं. हसायला फार जोर लावावा लागला.

"तुमच्यावर काय शक घ्यायचा? तुम्हाला फोनचा गजर बंद करता येत न्हाई. पहाटे आमचं घर उठतं, तुम्ही झोपलेले."

जगात ज्याचा कोणावर विश्वास नाही, त्यानं मला एकट्याला संशयातून सोडलं होतं. पावसाळा जाईपर्यंत मी ते सहन केलं. मग एका संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसून सगळं सांगून टाकलं.

वाघमारे पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता म्हणाले, "ठाऊक हाय."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. वायफायला कोणाकोणाचा फोन जोडलेला हाय ते मी तपासत असतो. आमचे दोन, अन् तिसरा तुमचा."

"मग गरुडाला सांगायचं होतं ना. शेजाऱ्यानं केलं म्हणून."

त्यांनी पेपराची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "मास्तर, इतकी वर्षं ती ओळ उघडी ठेवलीय. कोणी आलं न्हाई. एक माणूस आला. त्याच्यावरच तक्रार करू?"

मी त्याच दिवशी खातं उघडलं आणि गरुडाला सगळं कळवलं. त्याचं उत्तर सभ्य होतं. शेजाऱ्याची साक्ष स्वतंत्र मानता येत नाही, आणि ती खरी धरली तरी दोघांचं संगनमत नव्हतं याला पुरावा नाही. वाघमाऱ्यांनी ते दोनदा वाचलं. "बरोबर हाय त्याचं. मी बी हेच लिहिलं असतं." गरुडाविषयी ते बरं बोलल्याचं मी त्या दिवशी प्रथमच ऐकलं.

म्हणून हे इथं लिहिलं. याच्यानं त्यांचा अधिकार परत येणार नाही. हाही पुरावा शेजाऱ्याचाच.

एक गोष्ट मात्र मला कळत नव्हती. खोटं दिसलं तर वाघमारे चहा निवायच्या आत काढतात. मी लिहिलेलं नाव तर दुपारी जेवणानंतरचं, ते पार दिवेलागणीपर्यंत कसं राहिलं? परवा मी विचारलं.

"डोळा लागला होता," ते म्हणाले, आणि पाण्याची मोटर बंद करायला मागं गेले.

वहिनी दारात उभ्या होत्या. ते लांब जाईपर्यंत थांबल्या.

"कुठला डोळा लागतोय, भाऊजी. मला स्वयंपाकघरातून बोलावलं, कॉम्प्युटरपुढं त्यांच्या खुर्चीवर बसवलं, पोरीचं नाव दाखवलं. स्वतः दुपारभर मागं उभे. मग पोरीला फोन लावायला लावला. म्हणले, तिला सांग, आत्ता बघून घे. संध्याकाळी काढायचं हाय."