आधी वजन, मग चहा

बाबूतात्यांकडे चहा प्यायचा असेल तर आधी वजन द्यावं लागतं. चपला दारात काढायच्या, किल्ल्या आणि मोबाइल ताटलीत ठेवायचा आणि बेदाण्याच्या पेट्या तोलायच्या काट्यावर उभं राहायचं. तात्या आकडा बघणार, मान हलवणार, मगच आत सोडणार. जाताना पुन्हा काटा. वजन वाढलेलं दिसलं तर चहा आणि पोहे वजा करून उरलेल्याचा हिशेब विचारतात. एकदा माझ्या शर्टाच्या खिशात त्यांचा पत्रे जोडायचा रिव्हेट निघाला होता. कसा आला ते मला आजही सांगता येणार नाही, पण गावभर मी चोर ठरलो.

तात्या आमच्या मळ्याशेजारचे. तासगावच्या पूर्वेला द्राक्षबागा संपून माळ लागतो, तिथं त्यांचं घर आणि बेदाण्याचं शेड आहे. मी तासगावात शाळेत मराठी शिकवतो, म्हणून ते मला मास्तर म्हणतात. त्या शब्दात आदर फारसा नसतो.

सैन्यात हेलिकॉप्टर दुरुस्तीच्या वर्कशॉपात त्यांची उमर गेली. "जल्मभर दुसऱ्याची उडवली, आपुन खालीच," असं म्हणायचे. पेन्शनीत आल्यावर आमच्याकडची माणसं बोअर मारतात, बंगला बांधतात, नाहीतर ग्रामपंचायतीला उभी राहतात. तात्यांनी परदेशातून सुटं विमान मागवलं. पेटाऱ्यांतून पत्रे, नळ्या, बोल्ट आणि उशीएवढं जाड इंग्रजी पुस्तक आलं. घरी बसून जोडायचं, दोन माणसांचं. द्राक्षं वाळवायच्या जाळ्या काढून तात्यांनी शेडमध्ये ते जोडायला घेतलं. पुस्तकाप्रमाणे जोडलं असतं तर ते केव्हाच पुरं झालं असतं, पण तात्यांना पुस्तक पटायचं नाही.

"मास्तर, एकच सुधारणा ऱ्हायलीया," हे त्यांचं पालुपद. त्या एकाच सुधारणेत वर्षं गेली. इंजिनाला वारा नीट मिळेना म्हणून नाकाला नवी भोकं पाडली. दाराची कडी बदलली, मग दार बदललं, मग जुनीच कडी पुन्हा बसवली. वजनाचं तर त्यांना वेडच लागलं. सीटच्या पट्ट्या कातरल्या, प्रत्येक पत्र्याला ड्रिलनं भोकं पाडून तो हलका केला. सवय हाताला लागली ती घरापर्यंत गेली. कमलकाकीच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, पळीच्या दांड्याला एके दिवशी भोकं दिसली. "आमटी उडवायची हाय का तुमास्नी?" असं काकीनं विचारलं, तेव्हा तात्या तिच्या झाऱ्याकडे बघत होते.

पंखाची चाचणी सगळ्या गावानं पाहिली. पंख उलटा ठेवायचा आणि त्यावर वजन रचत जायचं. हवेत जेवढा भार येईल त्याहून जास्त भार झेलून पंख परत सरळ झाला पाहिजे. पुस्तकात वाळूची पोती सांगितली होती, तात्यांनी बेदाण्याच्या पेट्या रचल्या. पंख वाकायला लागला तशी गर्दी मागं सरकली. तेवढ्यात तात्या ओरडले, "कोण खातंय रं? वजन कमी झालं!" वेल्डर महादूच्या गालात मूठभर बेदाणे निघाले. चाचणी पहिल्यापासून घेतली आणि महादूला सगळ्यांसमोर आपली चूक मोठ्यानं म्हणायला लावली.

हा तात्यांचा वर्कशॉपातला रिवाज होता. कुणाकडूनही काही बिघडलं की त्यानं सगळ्यांपुढं उभं राहायचं आणि बोलायचं, मी अमुक केलं, त्यामुळं तमुक झालं. "दडवलेली चूक हवेत मारती गड्या," तात्या म्हणायचे. राग संपायचा, पण बोलल्याशिवाय सुटका नसायची. मीही एकदा रंगाचा डबा उघडा ठेवला म्हणून पंधरा-वीस माणसांसमोर शाळेतल्या पोरासारखा उभा राहिलो आहे. महादू तर पुढंपुढं चूक व्हायच्या आधीच बोलून मोकळा व्हायचा.

दुसरं पालुपद काट्याचं. "अंगाला काय वाटतंय ते सांगू नगंस, काटा काय म्हणतोय ते सांग." काकीला ताप आला तरी आधी थर्मामीटर लागायचा. अंग खोटं बोलतं, काटा बोलत नाही, यावर त्यांची श्रद्धा होती.

एवढा खटाटोप कशासाठी, ते तात्यांनी कधी सांगितलं नाही. काकीनं सांगितलं. तात्या सीमेवर असताना बाग तिनं एकटीनं लावली. खड्डे तिनं पाडून घेतले, तारा तिनं ओढून घेतल्या, पाण्याच्या पाळ्या तिनं धरल्या. एका सुट्टीत तात्या तिला म्हणाले होते, तुझी बाग एकदा तुला वरनं दाखवतो. "मी म्हनलं, डोंगरावर न्हेत्याल," काकी सांगायची. "ह्ये असलं काय डोस्क्यात आसंल, मला काय ठावं?" विमानातली दुसरी सीट तिची होती. दर महिन्याला तिचंही वजन व्हायचं. तिला पायरीवरून उतरतानाही गरगरायचं, पण नको असं तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

परवानगीचे कागद सरकारदरबारी अडकले होते. ते आल्यावर पुण्याहून एक पायलट येऊन पहिल्यांदा उडवणार, मग तात्यांना शिकवणार, असं ठरलं होतं. तोवर माळावर मुरूम टाकून केलेल्या पट्टीवर तात्या ते नुसतं पळवून बघायचे. दसऱ्याच्या सकाळी त्यांनी जोरात पळवायचं ठरवलं. वेगाचा काटा एका खुणेपर्यंत आणायचा आणि चाकं जमिनीवरच ठेवून थांबायचं, एवढंच.

त्या दिवशी आमच्याकडं नांगरापासून मोटारसायकलपर्यंत सगळ्या हत्यारांची पूजा होते. विमानाची मात्र नाही, अशी तात्यांची ताकीद होती. हाराचं वजन, नारळाच्या पाण्याचा गंज. नमस्कार करायचा तो लांबून. पहाटे उठून त्यांनी बोल्ट न् बोल्ट तपासला आणि मग ते आंघोळीला गेले. आंघोळीहून आले ते लष्करातली जुनी टोपी घालूनच. आम्ही पाच-सहाजण आपट्याची पानं हातात घेऊन पट्टीच्या कडेला उभे होतो. पळवून झालं की त्यांना सोनं द्यायचं ठरलं होतं.

विमान निघालं. माझ्यासमोरून गेलं तेव्हाच ते नको तितकं जोरात चाललं होतं. महादू ओरडला, "तात्या, बास!" इंजिनाच्या आवाजात ते कुठून ऐकू जाणार? आवाज कमी व्हायच्या ऐवजी वाढला, चाकं सुटली, विमान घराच्या कौलाएवढं वर आलं आणि तिथून तिरकं बागेत पडलं. काकीच्याच बागेत. मांडवाच्या लोखंडी अँगलांत आणि तारांत नाक घुसलं होतं. तात्या शुद्धीवर होते. उजवा पाय कुठं संपतो आणि पत्रा कुठं सुरू होतो ते कळत नव्हतं. "काटा हललाच न्हाई," ते म्हणत होते. "अंग म्हणत होतं लय झालं. काटा हललाच न्हाई."

सांगलीच्या दवाखान्यात पाय गुडघ्याखाली कापावा लागला. शुद्धीवर येताच त्यांनी मला कामाला लावलं. विमानाच्या पंखाखाली बोटाएवढी एक नळी असते. समोरून तिच्यात वारा शिरतो आणि त्यावर वेगाचा काटा चालतो. ती नळी काढून आण म्हणाले. मी ती फडक्यात गुंडाळून आणली. काकी उशाशी बसली होती. नळीत कोरायला टाचणी हवी म्हटल्यावर तिनं बांगडीला अडकवलेली पिन काढून दिली आणि ती आमच्यासाठी चहा आणायला खाली गेली.

तात्यांनी पिन आत घातली, फिरवली आणि हलकेच ओढली. पिनेच्या टोकाशी तांदळाचा एक दाणा आला. पिवळा, ओल्या हळदीत भिजून घट्ट बसलेला. अक्षता होती. तात्या आंघोळीला गेले असताना त्या विमानाला हात लावायची हिंमत गावात एकाच माणसाची होती, आणि ते माणूस जिन्यानं तीन कप सांभाळत वर येत होतं.

तात्या त्या दाण्याकडं बघत राहिले. मला वाटलं, आता हा माणूस बोलणार. ज्यानं मूठभर बेदाण्यासाठी महादूला सोडलं नाही, तो पायाचा हिशेब मागितल्याशिवाय राहील? खरं सांगतो, मला त्यांची भीती वाटली. दारात काकी दिसली. तात्यांनी दाणा तोंडात टाकला.

"काय गावलं का वं?" काकीनं विचारलं.

"कुंभारीण," तात्या म्हणाले. "नळीत मातीचं घर केलं व्हतं. आन चा."

कुंभारीण म्हणजे भिंतीच्या भोकांत मातीचं घर करणारी माशी. तात्या घरी आले त्या दिवसापासून काकीनं त्या माशांशी वैर धरलं. शेडच्या आढ्याला, कोनाड्यात, मीटरच्या पेटीत कुठं मातीचा गोळा दिसला की ती शिडी लावून चढते. पायरीवर गरगरणारी ही बाई. एका हातानं वासा धरते आणि दुसऱ्या हातातल्या झाडूनं तो गोळा खाली पाडून टाचेनं चुरडते. "ह्यांनीच माज्या मालकाचा पाय न्येला," असं म्हणत ती रडते. तात्या कुबड्यांवर खाली उभे राहून शिडी धरतात. "सावकाश गं," एवढंच म्हणतात. मला ते बघवत नाही. मी चहाचं निमित्त सांगून बाहेर येतो.

पायलट आता पुण्याहून येणार नाही. तात्या उडणार नाहीत, हे तात्यांनाही कळलेलं आहे. तरी त्यांनी विमान पुन्हा जोडलं. पुस्तक दोन पायांच्या माणसाचं, त्यांनी एकच पाय धरून सगळं नव्यानं मांडलंय, पायाचं काम हातानं कसं होईल त्याच्या सुधारणा चालू आहेत. वजनाचं वेड होतं तसंच आहे. त्यांनी लाकडी पायालाही ड्रिलनं भोकं पाडून घेतली आहेत आणि त्यातून वाऱ्याची शीळ वाजते.

यंदाच्या दसऱ्याला मी सकाळीच गेलो. काट्यावर उभा राहिलो, मान हलली, आत गेलो. काकी हातात पूजेचं ताट घेऊन विमानापुढं उभी होती. पूजेवरची बंदी उठून आता दोन वर्षं झाली आहेत. नळीवर चामड्याची टोपी घट्ट बसवलेली होती.

"मास्तर, खरं सांगू का?" काकी म्हणाली. "त्या दिशी ह्यांच्या चोरून मी ह्याच्या पंखाखालच्या सोंडंला हळदकुकू लावलं, अक्षता वाहिल्या. म्हणून जीव तरी राखला देवानं. न्हाईतर काय व्हतं माझं?"

मी तात्यांकडे बघितलं. ते जमिनीवर बसून कुठलासा बोल्ट पुसत होते.

"व्हय," ते म्हणाले. "त्यानंच वाचलो."

मग त्यांनी कुबडीनं विमानाच्या नाकाकडं दाखवलं. "तिथं वहा आता. जागा केलीया."

नाकावर पितळेची वाटी बसवलेली होती. तळहाताएवढी, जाड, चार रिव्हेटांनी ठोकलेली. तिला एकही भोक नव्हतं. काकीनं तिच्यात हळद घातली, कुंकू घातलं, मूठभर अक्षता टाकल्या आणि डोळे मिटून हात जोडले. ज्या माणसानं पळीचा दांडाही सोडला नव्हता, त्याच्या विमानावर ते पितळ चमकत होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "तात्या, हिचं वजन किती हो?"

तात्यांनी बोल्ट खाली ठेवला.

"मोजलं न्हाई," ते म्हणाले.